वाडीच्या बंधाऱ्याला मी काय देणं लागतो?

प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणारा तरुण आहे, ठाण्यात नोकरी, गाव संगमेश्वर तालुक्यात, घर गणपती आणि मे महिना सोडला तर वर्षभर बंदच. वाडीने दिवाळीनंतर पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, बंधारा घातला, घरटी एक माणूस यायचा असा नियम, जो येणार नाही त्याने पाचशे रुपये द्यायचे. ह्याला तसा फोन आला. ह्याचं म्हणणं, मी इन्कम टॅक्स भरतो, घरपट्टी भरतो, बंधारा घालू का म्हणून मला कोणी विचारलं नव्हतं, मग ही सक्ती कसली? 2021 ला चिपळूणला पूर आला तेव्हा कोणी न बोलावता गेलो, दुकानांतला चिखल उपसला, तो मनापासून केलेला परोपकार होता, आणि हे पाचशे म्हणजे खंडणी. वर त्याचा चुलतभाऊ त्याला सांगतो की परोपकार असं काही नसतंच, जो तो स्वतःच्या समाधानासाठी करतो. तर नागरिक म्हणून माझं दुसऱ्याला देणं नक्की किती, आणि ते ठरवणार कोण, असं विचारलंय.

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं, नोकरीची सगळी वर्षं त्यातच गेली, आणि आता आमच्या वाडीची पाणी समिती बघतो. म्हणजे तुला आला तसला फोन आमच्याकडे मीच करतो. मी कोणत्या बाजूचा हे आधीच कळलेलं बरं.

आधी चुलतभावाचा निकाल लावू, कारण तो मुद्दा टपरीवर फार चालतो पण त्यात दम नाही. 17व्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज, त्याची एक गोष्ट सांगतात. त्याने रस्त्यात एका म्हाताऱ्या भिकाऱ्याला पैसे दिले, बरोबरच्या माणसाने छेडलं की तू का दिलेस, तर हा म्हणाला त्याचे हाल बघून मला त्रास होत होता, आता त्याचाही त्रास थोडा कमी झाला आणि माझाही. चुलतभाऊ हेच म्हणतोय. ह्याचं उत्तर बिशप बटलर ह्या इंग्रज धर्मगुरूने 1726 मध्येच देऊन ठेवलंय. दुसऱ्याचं बरं झालं म्हणून मला समाधान मिळायचं असेल तर दुसऱ्याचं बरं व्हावं असं मला आधी वाटायला हवं ना. ज्याला ते वाटतच नाही त्याला दुकानातला चिखल काढून कसलं समाधान मिळणार, कंबरदुखी तेवढी मिळेल. तेव्हा समाधान मिळालं म्हणून काम स्वार्थी ठरत नाही. संपला विषय.

आता तुझा प्रश्न. तू सगळ्या देण्यांची एकच पिशवी केलीयस आणि तिच्यावर परोपकार असं लिहिलंयस. आत बघितलं तर तीन निरनिराळ्या गोष्टी निघतात आणि त्यांचे हिशेब वेगळे आहेत.

पहिली सगळ्यात सोपी. मुंबई गोवा हायवेवर रात्री समोर बाईकवाला पडलाय, डोक्यातून रक्त येतंय, आणि तुझ्या गाडीत जागा आहे. इथे तू कुठला, तो कुठला, त्याचं नाव कुठल्या मतदार यादीत आहे, हा प्रश्नच येत नाही. तो आंब्याच्या बागेतला नेपाळी राखणदार असेल नाहीतर बंदरावरचा परप्रांतीय खलाशी असेल. पीटर सिंगर ह्या तत्त्वज्ञाचा 1972 चा गाजलेला लेख आहे, पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात येत होते त्या काळात लिहिलेला. तो म्हणतो उथळ तळ्यात पोर बुडतंय आणि तुला फक्त कपडे चिखलात घालून त्याला काढता येतंय तर काढलंच पाहिजे, ती मेहेरबानी नाही, आणि ते पोर दहा पावलांवर आहे की दहा हजार मैलांवर ह्याने फरक पडू नये. पहिला अर्धा भाग कोणीही मान्य करतो, दुसऱ्या अर्ध्यावरून पन्नास वर्षं भांडण चालू आहे.

आपल्याकडे कायदा तुला थांबायला लावत नाही. फ्रान्समध्ये लावतो, तिथे संकटातल्या माणसाला स्वतःला धोका नसताना मदत न करणं हा गुन्हा आहे. आपल्याकडे ज्या गाडीमुळे अपघात झाला तिच्या ड्रायव्हरवर जखमीला मदत मिळवून द्यायचं बंधन आहे, येणाऱ्या जाणाऱ्यावर नाही. पण लोक थांबत नव्हते त्याचं कारण निर्दयपणा कमी आणि पोलीस स्टेशनच्या खेपांची भीती जास्त, म्हणून सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम पक्के केले आणि मग 2019 च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम 134 अ आलं. चांगल्या हेतूने मदत केलीस तर तुझ्यावर दिवाणी फौजदारी काही लागत नाही, नाव सांगायचीही सक्ती नाही. हे माझ्या अनुभवात अजून निम्म्या लोकांना माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

सिंगरचं म्हणणं पुरतं ताणलं की मात्र माणूस रोजच दोषी ठरतो. प्रत्येक चहा, प्रत्येक सिनेमा म्हणजे कुठेतरी कोणाचं तरी औषध. म्हणून अर्मसन नावाच्या तत्त्वज्ञाने 1958 च्या निबंधात वेगळी रेघ मारली होती, की कर्तव्याच्या पलीकडची अशी काही कामं असतातच, करणारा थोर, न करणारा दोषी नाही. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, वाहत्या पाण्यात होड्या आणि दोर घेऊन जी पोरं उतरली त्यांनी ह्या रेघेच्या पलीकडचं केलं. तुझं चिखल उपसणं त्याच्या अलीकडचं. जर्मन तत्त्वज्ञ कांट ज्याला अपूर्ण कर्तव्य म्हणतो त्यातलं, म्हणजे गरजूला मदत करणं हे कर्तव्य आहेच, पण कधी, कोणाला, किती, हे ज्याचं त्याने ठरवायचं. तू त्या वर्षी चिपळूण निवडलंस. दुसऱ्या कोणी दरड कोसळलेलं तळीये निवडलं असेल, कोणी पैसे पाठवले असतील. चांगलं केलंस, त्यात दुमत नाही. पण ह्यामुळे बंधाऱ्याचं देणं फिटत नाही, कारण बंधारा ह्या खात्यातलाच नाही.

बंधारा ही दुसरी गोष्ट. त्याच्यावर जरा बसून बोलू, तू तो घालताना बघितलेला नाहीस असं तुझ्या लिहिण्यावरून वाटतंय.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिलमध्ये वाडीत टँकर येतो, ह्याचं बाहेरच्यांना आश्चर्य वाटतं. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही आणि उतार एवढा की पडलेलं पाणी बघता बघता खाडीला जातं. म्हणून पऱ्याची धार बारीक व्हायला लागली की ती अडवायची. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या लोक पावसाळाभर जमवून ठेवतात. त्यात पऱ्यातलीच वाळू माती भरायची, तोंडं सुतळीने शिवायची, गोण्यांच्या दोन रांगा लावायच्या आणि मधल्या पोकळीत चिकणमाती पायाने चेपून बसवायची. ही चेपण नीट झाली नाही तर पाणी तळातून फुटतं आणि दुसऱ्या दिवशी सगळा खेळ परत. गोण्या भरायला कोणीही चालतं, चेपायला जाणता माणूस लागतो, आमच्याकडे ते काम सत्तरीच्या पुढच्या एका आजोबांशिवाय कोणाला नीट जमत नाही आणि ते दरवर्षी सगळ्यांना शिव्या घालत घालत करतात. पाणी तटलं की खालच्या अंगाच्या विहिरीला त्याचा झरा लागतो, आणि मे महिन्यात तू पोरांना घेऊन येतोस, पंप चालू करतोस, टाकी भरते, ते पाणी तिथलं असतं.

आता तुझ्या बाजूने जो सगळ्यात जोरदार वकील आहे त्याचं ऐकू. अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक, 1974 चं पुस्तक. त्याचं उदाहरण असं, तुझ्या आळीतल्या लोकांनी लाऊडस्पीकर बसवला, रोज एकाने गाणी गोष्टी लावायच्या, वर्षाचे 365 दिवस 365 जणांत वाटून घेतले. तू खिडकीतून ऐकलंस, मजाही आली. मग तुझा दिवस आला. आता तू कामधंदा सोडून दिवसभर बसायला बांधील आहेस का? नोझिक म्हणतो नाही. लोकांनी तुझ्यावर फायदा लादायचा आणि मग बिल पाठवायचं हे चालणार नाही. (त्याने शिमग्यात आपल्याकडे चार दिवस काढले असते तर फायदा हा शब्दही जपून वापरला असता.) तुझं म्हणणं नेमकं हेच आहे, मला कोणी विचारलं नव्हतं.

समोरची बाजू हार्ट ह्या इंग्रज तत्त्वज्ञाने 1955 मध्ये मांडली आणि पुढे रॉल्स ह्या अमेरिकन तत्त्वज्ञाने वापरली. बरेच जण मिळून नियमाने एखादं काम करतात, स्वतःला थोडी तोशीस लावून घेतात, त्यातून सगळ्यांना काहीतरी मिळतं, तर ज्याने ते घेतलं त्याने आपला वाटा उचलावा. नाहीतर तो दुसऱ्यांच्या घामावर फुकट बसलेला असतो. पण रॉल्स स्वतः सावध होता बरं का, तो म्हणतो हे बंधन तेव्हाच लागतं जेव्हा ती व्यवस्था न्याय्य असेल आणि तू तिचा फायदा स्वतःहून घेतलेला असशील, आणि म्हणूनच सगळ्या नागरिकांना सरकारशी बांधायला हे तत्त्व पुरत नाही असं त्याने 1971 च्या ग्रंथात कबूलही केलंय. मग 1979 मध्ये सिमन्स नावाचा तत्त्वज्ञ आला, त्याने हा गुंता आणखी सोडवला. फायदा अंगावर येऊन पडणं वेगळं आणि तो समजून उमजून घेणं वेगळं. लाऊडस्पीकरचा आवाज अंगावर येतो, कान बंद करता येत नाहीत. विहिरीचं पाणी तसं येत नाही, त्याला पंपाचं बटण दाबावं लागतं.

म्हणून माझं उत्तर तुला आवडेल न आवडेल, पण मे महिन्यात त्या विहिरीवर पंप लावत असशील तर तुझा वाटा आहे. पूर्ण वर्ष कुलूपच असेल, पाण्याचा थेंब वापरत नसशील, तर तुझ्याकडे हक्काने मागता येणार नाही, विनंती करता येईल. आमच्या वाडीत एक घर असं आहे, माणसं आठ दहा वर्षं फिरकलेली नाहीत, त्यांचं नाव मी यादीतून काढायला लावलं तेव्हा समितीत थोडी वादावादी झाली, पण काढलं. ज्याने घेतलं नाही त्याच्याकडून वसूल करायचं म्हणजे नोझिक खरा ठरतो.

ह्यात मला एलिनॉर ऑस्ट्रॉम जास्त पटते, ती तत्त्वज्ञ नव्हे, राज्यशास्त्रवाली, 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तिला. तिच्या आधी लोक समजायचे की सामाईक गोष्ट एकतर सरकारने ताब्यात घ्यावी नाहीतर वाटून खासगी करावी, मधे ठेवली की लोक ओरबाडून संपवतात. तिने 1990 च्या पुस्तकात जगभरची गावं दाखवली जी शेकडो वर्षं कुरणं, कालवे स्वतः सांभाळत आलीत. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला पाण्याचे तंटे मिटवणारं शेतकऱ्यांचं कोर्ट अजून दर गुरुवारी चर्चच्या दाराशी भरतं, निवाडा तोंडी. अशी गावं टिकली त्यांच्यात काय सारखं होतं तर, ज्यांना नियम लागतो त्यांना नियम बदलण्यात तोंड उघडता येतं, देखरेख गावातलीच माणसं करतात, आणि दंड पहिल्यांदा थोडा असतो, वारंवार चुकला तर वाढतो. आपल्याच किनाऱ्यावर बघ, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, माशांच्या विणीचा काळ. ती बंदी पारंपरिक मच्छीमार मनापासून पाळतो, पण बंदी उठल्यावर एलईडी दिवे लावून पर्ससीनवाला, म्हणजे मोठ्या घेरणाऱ्या जाळ्याचा बोटवाला, सगळं ओढून नेतो आणि त्याला कोणी काही करत नाही असं दिसलं की ह्याचीही बंदीवरची श्रद्धा उडते. दुसरा पाळतोय ही खात्री असेल तोवरच माणूस स्वतः पाळतो. तुझे पाचशे रुपये मागण्यात पैशाचा भाग कमी आहे, वाडीला ती खात्री हवी असते. गोण्या भरणारा माणूस तुझ्या बंद घराकडे बघून म्हणतो, "आमी काय ह्येंचं नोकर हाव?" आणि पुढच्या वर्षी तोही येत नाही.

पण खंडणी हा शब्द तू उगाच वापरला नसशील, त्यामागची भीती मला कळते, आणि तिथे मी तुझ्या बाजूने आहे.

कोकणात गावासाठी राबण्याला फार वाईट इतिहास आहे. खोत म्हणजे सरकारसाठी सारा वसूल करणारा गावचा जमीनदार, त्याच्या शेतावर कुळाने फुकट राबायचं, त्याला वेठ म्हणायचे, आणि तेही गावाची रीत म्हणूनच चालायचं. बाबासाहेबांनी खोती रद्द करायचं बिल 1937 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात आणलं, प्रत्यक्ष कायदा व्हायला 1949 उजाडलं. घटनेच्या कलम 23 ने वेठबिगार बंद केली. त्यातच पुढे म्हटलंय की सार्वजनिक कामासाठी सरकार सक्तीची सेवा लावू शकतं, पण धर्म, वंश, जात, वर्ग बघून भेदभाव करायचा नाही. सरकार. गावकी नव्हे, वाडी मंडळ नव्हे. श्रमदान आणि वेठ ह्यात बाहेरून बघणाऱ्याला फरक दिसत नाही, दोन्हीकडे माणसं उन्हात गोण्याच उचलत असतात. फरक कुठे तर नियम ठरवताना तुझा आवाज होता का, नियम सगळ्यांना सारखा आहे का, आणि नाही म्हणालास तर काय होतं.

ह्यातला शेवटचा प्रश्न आपल्या किनारपट्टीवर फार नाजूक. रायगड रत्नागिरीत वर्गणी दिली नाही, गावकीचं ऐकलं नाही, पालखीच्या मानावरून बोलला म्हणून घरंच्या घरं वाळीत टाकल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत आल्यात. किराणा द्यायचा नाही, लग्नाला जायचं नाही, मयताला खांदा द्यायचा नाही. त्यावर महाराष्ट्राने 2016 चा सामाजिक बहिष्कार बंदीचा कायदा केला, तो 2017 मध्ये लागू झाला, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा तुझ्या वाडीने पाचशे मागितले, नाही दिलेस तर पुढच्या वर्षी परत मागितले, बैठकीत नाव वाचलं, इथवर ठीक. विहिरीची दोरी काढून घेतली, तुझ्या आईशी बोलणं बंद केलं, तर तो गुन्हा आहे, आणि तेव्हा पाचशे रुपये देऊन गप्प बसणं हे नागरिकाचं काम नव्हे. आणखी एक, बंधाऱ्याचे पैसे आणि सत्यनारायणाचे, पालखीचे पैसे एकाच पावतीवर मागत असतील तर वेगळे करून माग. देवाचं देणं श्रद्धेवर, पाण्याचं वापरावर. बहुतेक वाड्यांत भांडणाचं मूळ ह्या सरमिसळीतच असतं असं माझं निरीक्षण आहे.

तिसरी गोष्ट तुझ्या प्रश्नात नावालाच आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोठी तीच आहे. ती म्हणजे नागरिक म्हणून देणं.

तू चिपळूणला होतास, म्हणजे बघितलं असशील. मदतीचे टेम्पो हायवेला लागून असलेल्या वस्तीवर रिकामे व्हायचे. तिथे पाण्याच्या बाटल्यांचे ढीग, बिस्किटांचे बॉक्स, आणि जुन्या कपड्यांचे तर डोंगर, त्यात साड्या, सूट, एका पायाचे बूट सुद्धा. आतल्या वाडीत, जिथे रस्ताच वाहून गेला होता, तिथे काही नाही. ह्यात कोणी लबाडी केली नाही. परोपकाराचा स्वभावच तो, देणारा जिथे पोचतो तिथे तो पोचतो, आणि घेणाऱ्याला विचारायचा अधिकार नसतो की मला का नाही. मिळालं तर हात जोडायचे, नाही मिळालं तर नशीब. पंचनामा झाला, नुकसानभरपाईच्या यादीत नाव नाही, तर मात्र तोच माणूस तहसीलदार ऑफिसात टेबलावर हात आपटून विचारू शकतो, कारण तिथे तो याचक नसतो. पुढे त्या शहरातल्या लोकांनी नदीतला गाळ काढा म्हणून साखळी उपोषण केलं, पूररेषेवरून भांडले, आणि गाळ काढायचं काम सुरू झालं. माझ्या लेखी तू उपसलेल्या चिखलाइतकंच ते उपोषणही दुसऱ्यासाठी केलेलं काम होतं, फोटो कमी निघाले एवढंच.

परोपकार आणि हक्क ह्यातला फरक आपल्या किनारपट्टीइतका कुठे ठसठशीत दिसत नसेल. महाडचं चवदार तळं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा असा सीताराम केशव बोले यांचा ठराव 1923 ला मुंबईच्या कौन्सिलात पास झाला, महाड नगरपालिकेने पुढच्या वर्षी तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, आणि प्रत्यक्षात कोणाची पाणी भरायची हिंमत नव्हती. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं शुद्धीकरण झालं, कोर्टकज्जे झाले, मुंबई हायकोर्टाचा निकाल यायला 1937 चा मार्च उजाडला. आता विचार कर, कोणी दयाळू सावकार त्यांच्यासाठी वेगळी विहीर खणून द्यायला निघाला असता तर तो परोपकारच झाला असता, आणि तरी मुद्दा तसाच राहिला असता. तहान भागवायला म्हणून ते गेलेच नव्हते, इतरांसारखीच आपणही माणसं आहोत हे ठरवायला गेले होते, त्याच वर्षीच्या डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी हे स्पष्ट सांगितलं.

आणि माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी दाखवायचो ते हे, की 1924 पासून 1927 पर्यंत ठराव होता, कागद होता, तळं होतं. नव्हतं काय, तर पालिकेचा निर्णय खरा मानून शेजारी उभं राहणारी माणसं. 25 नोव्हेंबर 1949 च्या घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेब स्वातंत्र्य, समता, बंधुता वेगळं करता येत नाही म्हणाले ते ह्यासाठी. बंधुता नसेल तर उरलेल्या दोन्ही टिकवायला दाराशी पोलीस ठेवावा लागेल. रॉल्स ज्याला न्यायाचं नैसर्गिक कर्तव्य म्हणतो ते साधारण हेच, जी न्याय्य व्यवस्था आहे ती पाळ आणि नाही ती उभी करायला हातभार लाव, आणि हे तुझ्या संमतीवर अवलंबून नाही. 1976 च्या 42व्या दुरुस्तीने आपल्या घटनेत कलम 51 अ ची मूलभूत कर्तव्यं आली, त्यात बंधुभाव आहे, सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण आहे. कोर्टात त्यांची थेट अंमलबजावणी होत नाही. आणीबाणीत, लोकांचे हक्क बासनात असताना, लोकांना कर्तव्यं शिकवली गेली हे मला कधीच रुचलेलं नाही, पण म्हणून ती यादी वाईट ठरत नाही.

आता टॅक्स. अर्धा मुद्दा तुझा बरोबर आहे. पाणी देणं हे सरकारचं काम आहे, 73व्या दुरुस्तीने 1993 पासून पंचायतींना घटनेत जागा आहे, घरोघर नळ द्यायचं जलजीवन मिशन 2019 पासून आहे, आणि वाडीत नळ आला पण पाणी नाही असं असेल तर गोण्या भरून आपण कोणाचं तरी अपयश झाकतोय का हा प्रश्न रास्त आहे. गोड बोलून श्रमदान करवून घ्यायचं आणि योजनेचे पैसे कुठे गेले ते विचारायचं नाही, हे मी पण बघितलंय. पण टॅक्स भरला म्हणजे नागरिकपण भरलं असं होत नाही. टॅक्स हा फक्त वर्गणीचा भाग झाला, त्या पैशाचं काय झालं ते विचारणं हा दुसरा भाग आणि तो कोणी पैसे देऊन करवून घेऊ शकत नाही. अ‍ॅरिस्टॉटलने नागरिकाची व्याख्याच अशी केली की जो आळीपाळीने राज्य करतो आणि राज्य मानतो तो. आमच्याकडे आम्ही बंधारा पण घालतो आणि ग्रामसभेत नळपाणी योजनेचं अंदाजपत्रक पण मागतो. दुसरं काम जास्त अवघड, कारण गोण्या उचलायला तीस माणसं येतात आणि अंदाजपत्रक मागायला उभं राहिलं की मागे तीन उरतात.

इथे तुझी एक खरी अडचण आहे. तुझं नाव ठाण्याच्या मतदार यादीत असणार, आणि एकाच ठिकाणी असायला हवं, दोन्हीकडे ठेवलं तर ते बेकायदा. गावात घर आहे एवढ्यावरून तू तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाहीस, 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 20 मध्ये ते सरळ लिहिलंय. आणि ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीतली माणसं. म्हणजे गावात तुला आवाज नाही. बरेच चाकरमानी नाव गावीच ठेवतात, निवडणुकीला गाड्या भरून येतात, आणि जिथे वर्षाचे अकरा महिने राहतात तिथल्या नगरसेवकाचं नावही त्यांना माहीत नसतं. ते मला पटत नाही. तुझं नागरिकपण ठाण्यातच खर्च व्हायला हवं, तिथली गटारं, तिथली शाळा, तिथली सोसायटीची मीटिंग जिला तू बहुतेक जात नसशील. महर्षी कर्वे दापोलीतल्या मुरुडचे, मुंबईत असताना त्यांनी गावासाठी मुरुड फंड काढला, कमाईतला हिस्सा गावाला, आणि आयुष्यभराचं मोठं काम मात्र पुण्यात उभं केलं. गावाचं देणं देऊनही राहत्या ठिकाणी रुजता येतं.

म्हणून वाडीला मी असं सांगेन, आणि तू माझं नाव न घेता सांगू शकतोस. ज्याला ग्रामसभेत आवाज नाही त्याच्याकडून वाडी वाटा मागत असेल तर वाडीच्या बैठकीत तरी त्याला आवाज द्यायला हवा. बंधाऱ्याची बैठक नोव्हेंबरात मंगळवारी संध्याकाळी घेतली की चाकरमानी येणारच नाही आणि मग कोणी विचारलं नाही ही त्याची तक्रार खरी ठरते. ती गणपतीत घ्या, गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सगळी घरं उघडी असतात, तारीख तिथेच ठरवा, रविवार बघून. रक्कम किती ते तिथेच ठरू दे, आमच्याकडे आम्ही गावातल्या एका दिवसाच्या मजुरीएवढी धरतो, जास्त नाही. बाई एकटी असेल, घरात आजारी असेल, तिला माफ. बंधारा फुटला तर परत पैसे मागायचे नाहीत. हिशेब वाडीच्या ग्रुपवर टाकायचा, गोण्या, सुतळी, चहा सकट.

ह्या वर्षीचे पाचशे मात्र देऊन टाक, मे महिन्यात पंप लावतोस ना. देताना पावती माग, आणि पावतीवर बंधारा असं लिहून घे.